बांगला देशातील पोल्डर व हवामान बदल

पोल्डर : मातीच्या बांधाने चोहोबाजूंनी वेढलेले सखल क्षेत्र. भरतीचे पाणी आत येऊ नये व पावसाचे पाणी बाहेर जावे, म्हणून बांधांत झडपांचे दरवाजे बसविलेले असतात. बांगला देशाच्या किनारपट्टीवर असे 139 पोल्डर असून त्यांनी सुमारे 12 लाख हेक्टर जमीन व्यापली आहे. कोकणातील खारभूमी व गोव्यातील खाजण शेती यांचे तत्त्व हेच. मात्र गंगा-ब्रह्मपुत्रा त्रिभुज प्रदेशातील गाळ आणि बांधांचा पसारा यांमुळे येथील परिणाम फार वेगळे झाले.

पूर्वपीठिका : पोल्डरपूर्व काळी नैर्ऋत्य भागात जमीनदार रयतेकडून ठेंगणे बांध घालवून घेत. ते वर्षातील आठ महिने राखले जात, म्हणून ‘अष्टमासी बांध’. पावसाळ्यात ते तोडून गढूळ पाणी शेतात घेत व त्याबरोबर आलेला गाळ जमिनीवर बसे. ही पद्धत निदान ब्रिटिश अमदानीइतकी जुनी असावी. तिच्या उपलब्ध वर्णनांत लोकस्मृतीचा वाटा मोठा असल्याने ती सर्वत्र सारखीच चाले असे मानणे धाडसाचे ठरेल. 1950 मध्ये जमीनदारी रद्द झाल्यावर बांधांना वाली उरला नाही. 1954 ते 1956 मधील पुरांनंतर आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या क्रुग मंडळाच्या शिफारशींवरून 1959 मध्ये पाणी व वीज विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि 1960 च्या दशकात अमेरिकी साहाय्याने किनारी बांधांचा प्रकल्प उभा राहिला. आरंभी भातपीक वाढले. 1980 च्या दशकापर्यंत मात्र पोल्डरबाहेरील नद्या गाळाने उथळ झाल्या व आतील पाण्याचा निचरा थांबला. त्याच सुमारास सातखीरा, खुलना व बागेरहाट जिल्ह्यांत बांधांना भोके पाडून खारे पाणी आत घेऊन कोळंबी पोसण्याचा व्यवसाय फोफावला. जमिनीच्या क्षारतेत त्याची भर पडली.

जमिनीची उंची व समुद्राची पातळी : समुद्र 1 मी. वाढल्यास देशाची सुमारे 17 टक्के भूमी बुडेल, हे विधान बराच काळ सर्रास उद्धृत होत आले आहे. ते समोच्च रेषांच्या नकाशावरून काढलेले असून नद्या दरवर्षी आणत असलेला गाळ त्यात धरलेला नाही, असा आक्षेप मृदाशास्त्रज्ञ ह्यू ब्रामर यांनी 2014 मध्ये घेतला. मेघनेच्या मुखाशी जमिनीची धूप आणि नव्या चरांची (गाळाच्या बेटांची) निर्मिती शेजारीशेजारी चालते. गेल्या काही दशकांचा एकूण हिशेब तेथे भूमी वाढल्याचाच आहे. उलट पश्चिमेकडील पोल्डरांत गाळ येतच नाही.

जमीन खचण्याच्या वेगाविषयी मतभेद तीव्र आहेत. ब्राउन व निकल्स यांनी 2015 मध्ये संकलित केलेल्या मोजण्यांची सरासरी वर्षाला 5.6 मिमी. येते, तर मध्यक अवघा 2.9 मिमी.; यावरून विखुरलेपणाची कल्पना यावी. बेकर व सहकाऱ्यांच्या 2020 मधील अभ्यासानुसार 1993 ते 2012 या काळात हा वेग 1 ते 7 मिमी. होता. याखेरीज पेथिक व ऑरफर्ड यांनी 2013 मध्ये दाखविले, की बांधांमुळे पसरायला जागा न उरल्याने खाड्यांतील भरती उंचावते. म्हणजे भरतीची कमाल पातळी समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा वेगाने वाढते. ऑरबाख व सहकाऱ्यांनी (2015) खुलना जिल्ह्यातील दाकोप येथील 32 क्रमांकाच्या पोल्डरची तुलना शेजारच्या बांधरहित सुंदरबनाशी केली, तेव्हा पोल्डरची जमीन 1 ते 1.5 मी. खाली गेलेली आढळली. मे 2009 मधील आयला वादळात हा पोल्डर फुटला आणि जवळजवळ दोन वर्षे त्यात भरतीचे पाणी खेळत राहिले. त्या काळात काही ठिकाणी कित्येक सेंटिमीटर गाळ साचला. समुद्रपातळीची वाढ नाकारण्याचे कारण नाही, परंतु नैर्ऋत्य भागातील आजवरच्या हानीपुरते पाहिल्यास बांधांना मुख्य कारण मानणारे मत अधिक पटणारे आहे. भारतातील गंगेवरचे फराक्का धरण (1975) व कोरड्या ऋतूत रोडावलेला गोराई या गंगेच्या शाखेचा प्रवाह हे क्षारतेचे तिसरे कारण सांगितले जाते. त्याचा वाटा किती, यावर दोन्ही देशांतील लेखनात साहजिकच एकवाक्यता नाही.

भरतीचे पाणी आत घेण्याची पद्धत : 1990 मध्ये बील डाकातिया व 1997 मध्ये बील भायना (बील म्हणजे पाणथळ) येथे पाणी तुंबल्याने हैराण झालेल्या रहिवाशांनी स्वतःच बांध कापले. बील भायनात गाळ बसून जमीन उंचावली व हरी नदी खोल झाली. खुलना-जशोर निचरा प्रकल्पाने मग हीच पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. तिला अष्टमासी बांधांचा वारसा मानावे की गरजेतून सुचलेला नवा उपाय, हे वादग्रस्त आहे. नव्या पद्धतीत एकच पाणथळ काही वर्षे सलग उघडी राहते, जुन्या पद्धतीत सर्व शेते दरवर्षी काही महिने. तेव्हा साम्य तत्त्वापुरतेच धरावे. गाळ बांध कापलेल्या जागेजवळ जास्त व दूरच्या टोकाला कमी बसतो. शिवाय पीक बुडालेल्यांना भरपाई वेळेवर मिळत नाही, म्हणून पुढील पाणथळींत विरोध झाला. जशोर जिल्ह्यातील भवदह परिसरात पाणी तुंबणे थांबलेले नाही.

धोरण : जागतिक हरितगृह वायू उत्सर्जनात देशाचा वाटा जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याने भर अनुकूलनावर आहे. 2005 मधील पहिल्या अनुकूलन कृती कार्यक्रमानंतर 2009 मध्ये हवामान बदल व्यूहनीती आली आणि 2010 मध्ये स्वतःच्या अर्थसंकल्पातून चालणारा हवामान निधी कायद्याने स्थापन झाला. डच साहाय्याने आखलेला ‘त्रिभुज प्रदेश आराखडा 2100’ सप्टेंबर 2018 मध्ये मंजूर झाला. 2013 मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या कर्जातून निवडक पोल्डरांचे बांध उंच करण्यात आले. आराखड्यात गाळ आत घेण्याची भाषा आहे, पैसा मात्र मुख्यतः बांधांकडे जातो.

चक्रीवादळांच्या बाबतीत यश निर्विवाद आहे. नोव्हेंबर 1970 मधील वादळात 3 ते 5 लाख माणसे दगावली असावीत. 1991 मध्ये सुमारे 1 लाख 38 हजार, 2007 च्या सिद्र वादळात सुमारे 3,400. 1972 मध्ये सुरू झालेल्या पूर्वतयारी कार्यक्रमाचे सुमारे 76 हजार स्वयंसेवक असून त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत.

शेती : क्षार सोसणारी ब्री धान 47 व ब्री धान 67, पुराखाली तग धरणारी ब्री धान 51 व 52 ही भातवाणे प्रसृत झाली आहेत. जलपर्णीच्या तरंगत्या वाफ्यांवर भाजीपाला घेण्याची जुनी रीत (धाप) पिरोजपूर व गोपालगंज भागांत टिकून आहे.