हेन्री वेल्स: डॉलरला वीस पत्रे आणि त्यानंतरची एक्सप्रेस

अमेरिकन एक्सप्रेस आणि वेल्स फार्गो या दोन्ही कंपन्यांच्या स्थापनेत हेन्री वेल्स (१८०५–१८७८) यांचा हात होता, हे सर्वांना ठाऊक असते. बँकिंगमधली त्यांची कर्तबगारी सांगताना १८४४–४५ मधील टपालाचा वाद बहुधा दोन ओळींत उरकला जातो. त्यांच्या पुढच्या वाटचालीची दिशा मात्र त्याच वादात दिसू लागली होती.

व्हरमाँटमध्ये जन्म, तरुणपणी कातडी कमावण्याचे व जोडे बनवण्याचे शिक्षण, मग एरी कालव्यावरच्या मालवाहतुकीत दलाली, असा त्यांचा आरंभीचा प्रवास आहे. १८४१ च्या सुमारास ते ऑल्बनी–बफेलो मार्गावरच्या एक्सप्रेस धंद्यात, म्हणजे पुडकी व मौल्यवान वस्तू खासगीरीत्या पोहोचवण्याच्या धंद्यात, शिरले. त्या काळी प्रत्येक बँक स्वतःच्या नोटा काढीत असे आणि त्या वटवण्यासाठी मूळ बँकेकडे पोहोचवाव्या लागत. त्यामुळे एक्सप्रेसच्या माणसाच्या पेटीत मौल्यवान वस्तूंबरोबर नोटांची, सोन्याचांदीची आणि हुंड्यांची मोहोरबंद पुडकी असत. थोडक्यात, पैशांशी या धंद्याचा संबंध बँक काढण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

वादाला कारण झाली ती पत्रे. सरकारी टपालाचा आकार, म्हणजे शुल्क, अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. चारशे मैलांपलीकडे जाणाऱ्या एका कागदाच्या पत्राला २५ सेंट पडत आणि दुसरा कागद जोडला की आकार दुप्पट होई. वेल्स यांनी १८४४ मध्ये खासगी पत्रसेवा सुरू केली. तिचा दर सहा सेंटांच्या आसपास होता आणि तिकिटे घाऊक घेतल्यास डॉलरला वीस मिळत. टपाल खात्याने ही सेवा बेकायदा ठरवून तिच्या माणसांना अटक करण्याचा सपाटा लावला, तर मार्गावरच्या शहरांतले नागरिक त्यांना जामीन राहू लागले. सगळ्या देशाचे टपाल पाच सेंटांत वाहण्याची तयारी वेल्स यांनी दाखवली, तेव्हा तसे केल्यास सोळा हजार पोस्टमास्तर घरी बसतील, असे उत्तर त्यांना एका बड्या अधिकाऱ्याकडून मिळाल्याची कथा सांगितली जाते.

या कथेत खाते हास्यास्पद ठरते आणि उद्योजक नायक होतो. परंतु खात्याची बाजू इतकी पोकळ नव्हती. वेल्स यांची सेवा दाट वस्तीच्या, आगगाडीने जोडलेल्या, हमखास नफ्याच्या पट्ट्यात होती, तर सरकारला तुरळक वस्तीच्या सीमावर्ती खेड्यांपर्यंतही टपाल न्यावे लागे आणि तिथला तोटा दाट वस्तीच्या पट्ट्यातल्या उत्पन्नातूनच भरून निघे. अखेर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मार्च १८४५ मध्ये कायदा करून आकार वजनावर बसवला: अर्ध्या औंसाला तीनशे मैलांपर्यंत ५ सेंट आणि त्यापुढे १० सेंट. त्याच कायद्याने टपालमार्गांवरील खासगी पत्रवाहतुकीवरची बंदीही कडक केली. त्यामुळे ‘वेल्स यांनी सरकारला नमवले’ हे विधान अर्धेच खरे म्हणावे लागते. दर उतरले, पण लांबच्या पत्राला तरीही त्यांच्याहून अधिक पैसे पडत राहिले आणि त्यांचा पत्रांचा धंदा बंद झाला.

मार्च १८५० मध्ये तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या विलीनीकरणातून अमेरिकन एक्सप्रेस उभी राहिली आणि वेल्स तिचे अध्यक्ष झाले. कॅलिफोर्नियात सोने सापडून दोन वर्षे लोटली होती, तरी संचालकांपैकी काहींनी तिकडे विस्तार करण्यास विरोध केला. तेव्हा मार्च १८५२ मध्ये वेल्स आणि विल्यम फार्गो यांनी वेल्स फार्गो ही वेगळी कंपनी काढली. ती खाणीतले सोने विकत घेई, ठेवी स्वीकारी, न्यूयॉर्कवरच्या हुंड्या देई आणि सोने जहाजाने पूर्वेकडे पाठवी. १८५५ मध्ये बँकांबाबत उडालेल्या घबराटीत तिची मोठी प्रतिस्पर्धी कंपनी बुडाली. हिने थोडे दिवस दारे बंद ठेवली आणि पुन्हा उघडली.

पूर्वेत बंद पडलेली पत्रे कॅलिफोर्नियात मात्र परत आली. १८५२ च्या एका कायद्याने सरकारी तिकीट छापलेल्या पाकिटातील पत्रे टपालाबाहेर नेण्यास मुभा दिली. ग्राहक सरकारचे तिकीट आणि कंपनीचा आकार असे दोन्ही भरी, आणि जलद सेवेसाठी आनंदाने भरी. खात्याला काम न करताच महसूल मिळत होता, त्यामुळे तक्रारीला फारशी जागा उरली नाही. ही सेवा १८९५ पर्यंत चालली.

वेल्स यांनी १८६८ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसचे अध्यक्षपद सोडले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील ऑरोरा येथे त्यांनी स्त्रियांसाठी काढलेले महाविद्यालय सुरू झाले. ते २०२४ मध्ये बंद पडले. १८७८ मध्ये ग्लासगो येथे त्यांचे निधन झाले. पुढे १८८२ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने सरकारी मनीऑर्डरला टक्कर देणारी स्वतःची मनीऑर्डर काढली आणि १८९१ मध्ये प्रवासी धनादेश आणला. वेल्स फार्गोची बँक १९०५ मध्ये एक्सप्रेसपासून वेगळी झाली. १९१३ मध्ये टपाल खात्यानेच पार्सलसेवा सुरू करून एक्सप्रेस कंपन्यांच्या मुख्य उत्पन्नाला हात घातला, आणि १९१८ मध्ये, महायुद्धाच्या काळात, सरकारने त्यांची वाहतूक एका कंपनीत एकत्र केली. त्यानंतर दोन्ही संस्थांकडे मुख्यतः पैशांचा व्यवहार राहिला.