घरातील अनोळखी आवाज : भिंत फोडण्यापूर्वी

वरच्या मजल्यावर रात्री कोणीतरी गोट्या खेळत असल्यासारखा आवाज येतो, आणि वरचे बिऱ्हाड तर महिनाभर गावाला गेलेले असते, अशी तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. आवाज ऐकू येतो ती जागा आणि तो निर्माण होतो ती जागा बहुधा वेगळी असते, कारण काँक्रीटचे स्लॅब आणि भिंतीत गाडलेले पाइप आवाज दोन-तीन मजले सहज वाहून नेतात. म्हणून आम्हाला बोलावण्याआधी तीन-चार दिवस आवाजाची वेळ आणि त्या क्षणी इमारतीत काय चालू होते, एवढे कागदावर टिपून ठेवावे.

एका ग्राहकांच्या झोपण्याच्या खोलीत पहाटे भिंतीतून हातोडीसारखे दोन-तीन ठोके ऐकू येत. त्यांनी टिपलेल्या वेळा आणि वॉचमन पाण्याचा पंप बंद करतो त्या वेळा तंतोतंत जुळल्या. पंप थांबला की गच्चीवरच्या टाकीकडे चढणारे पाणी मागे फिरते, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची (पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हची) झडप झिजलेली असल्यास ती उशिरा, दाणकन आपटते. व्हॉल्व्ह बदलून पाइपाला रबर लावलेले क्लॅम्प बसवल्यावर ठोके थांबले. भिंतीला छिन्नी लावावी लागली नाही.

नळ किंवा वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद होताना बसणारा ठोकाही याच जातीचा असतो. वाहते पाणी एकदम अडले की दाबाची लाट उसळते, आणि लोखंडी पाइपात ती सेकंदाला १००० मीटरहून अधिक वेगाने धावते. नळ सावकाश बंद करून पाहावा. ठोका नाहीसा झाला तर निदान झालेच.

गरम पाणी सोडल्यावर होणारी टिकटिक निराळी. सीपीव्हीसीचा (गरम पाण्यासाठी वापरतात त्या प्लास्टिकचा) ३ मीटर लांबीचा पाइप तापमान ४० अंशांनी वाढल्यास सुमारे ७ ते ८ मिलिमीटर लांबतो. तो भिंतीच्या छिद्रात सिमेंटने आवळलेला असेल, तर अडकत-सुटत सरकतो. बोअरच्या जड पाण्यावर चालणारा गीझर खदखदू लागला, तर कॉइलवर क्षारांचा थर बसला आहे असे समजावे.

रात्रभर बारीक सुस्कारा ऐकू येत असल्यास फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर आतील रबरी सील गेले आहे, आणि पाण्याचे बिलही त्यामुळेच फुगत असावे.

स्विचबोर्डमधून चरचर आवाज येत असेल तर मात्र टिपणे करत बसू नये. मेन स्विच बंद करून त्वरित इलेक्ट्रिशियनला बोलवावे. माळ्यावरची खुडबुड बहुतेक वेळा उंदरांची असते, व ते काम आम्ही करत नाही.

आमचा माणूस येईल त्या दिवशी पंप एकदा चालू-बंद करून दाखवण्यास वॉचमनला आधीच सांगून ठेवावे.