टॅरागॉन: फ्रेंच की रशियन?

न्यू जर्सीत घर घेतलं त्या वर्षी हौसेने टॅरागॉनच्या बियांचं पाकीट आणलं. टॅरागॉन म्हणजे स्वयंपाकात घालायचा एक वासाचा पाला. ऑगस्टपर्यंत रोपं माझ्या खांद्याला लागली. पान चावून पाहिलं, तर गवत! वर किंचित कडू. याच पानांवाचून म्हणे फ्रेंचांचा बेआर्नेज हा लोणी-अंड्याचा सॉस अडतो.

माझी फसगत दुकानातच झाली होती. स्वयंपाकातला फ्रेंच टॅरागॉन बियांपासून येतच नाही. तो क्वचित फुलतो आणि फुलला तरी रुजेल असं बी धरत नाही. फांद्या नाहीतर मुळं लावूनच तो वाढवतात. म्हणजे पाकिटावर टॅरागॉन लिहिलं असेल, तर आत बहुतेक बियांपासून येणारा त्याचा भाऊ, रशियन टॅरागॉनच. बरं, पाकीटवाल्याला खोटं म्हणायचीही सोय नाही, कारण शास्त्रीय नाव दोघांचं एकच, आर्टेमिसिया ड्रॅकन्क्युलस. (चैत्रात जोतिबाला वाहतात तो आपला दवणाही याच आर्टेमिसियांपैकी.)

आता मी रोप घेताना आधी पान चुरगळते. फ्रेंचचं पान गुळगुळीत, गडद आणि चकचकीत. आई इकडे आली होती तेव्हा तिच्या हातावर एक पान चुरगळून ठेवलं. हुंगून म्हणाली, "अगं, ही तर बडीशेप!" फारशी चुकली नाही ती. या वासामागचं एस्ट्रागोल नावाचं द्रव्य बडीशेपेतही असतं. पान दाताखाली धरलं की जिभेचा शेंडा जरासा बधिर होतो. रशियनचं पान फिकट, हाताला खरखरीत, आणि कितीही चावा, जिभेला काही होत नाही.

वाढीला मात्र रशियन दांडगा. कसल्याही मातीत दीड मीटरपर्यंत जातो. फ्रेंच दोन-तीन फुटांत आटोपतो आणि मुळाशी पाणी साचलं की कुजतो, म्हणून कुंडीत वाळू घालायची. थंडीत तो जमिनीपर्यंत वाळतो. पहिल्या वर्षी मी मेला समजून उपटून टाकला. मुळं चांगली जिवंत होती. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा फोडून नव्याने लावला की वास टिकतो.

ही थंडीतली झोप त्याला लागतेच, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या गॅलरीत त्याच्या नादी लागू नये. तिथे मेक्सिकन टॅरागॉन लावावा. तो खरं तर झेंडूचा भाऊबंद, फुलंही पिवळी, पण वास बराचसा तोच आणि उन्हाला घाबरत नाही.

फ्रेंच टॅरागॉन वाळवून ठेवण्यात अर्थ नाही, वास उडून जातो. मी डहाळ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवते. ताजी पानं ऑम्लेटमध्ये किंवा चिकनच्या रश्श्यात अगदी शेवटी, तीही हात राखून. चार पानं जास्त पडली तर दुसरी चवच लागत नाही. रशियनचे एप्रिलमधले कोवळे कोंब सॅलडमध्ये खपून जातात. बाकी वर्षभर तो कुंपणाशी उभा असतो. दोनदा खणून काढला, दोनदा परत आला.