लिज्जत पापड: बहिणींच्या हातातला कारभार

लिज्जत म्हणजे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही मुंबईची संस्था, आणि काम करणाऱ्यांच्याच हातात धंदा दिला की काय होतं ते बघायचं असेल तर आपल्याकडे याच्याइतकं मोठं उदाहरण शोधून सापडणं अवघड आहे.

15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या, त्यात जसवंतीबेन पोपट होत्या. भांडवल 80 रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख म्हणजे छगनबाप्पांकडून उसने घेतलेले, आणि पहिल्या दिवशी पाकिटं झाली चार. पहिल्या पावसाळ्यात गच्चीवर पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंदच पडलं, मग पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला, वर खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. बाप्पांनी पैशापेक्षा मोठी गोष्ट दिली ती म्हणजे सल्ला, स्वस्तातला हलका माल काढू नका आणि हिशेब चोख ठेवा. पण धंदा चालवायला ते स्वतः बसले नाहीत, तो बायकांनीच चालवला, आणि माझ्या मते सगळं त्यातच आलं.

इथे पापड लाटणारी प्रत्येक जण सभासद आणि मालकीण, तिला बहीण म्हणतात. शाखेचा कारभार बघणारी संचालिका बहिणींमधूनच येते आणि वरची 21 जणींची व्यवस्थापन समितीसुद्धा बहिणींचीच, त्यामुळे डांगर, म्हणजे पापडाचं मळलेलं पीठ, सैल झालंय की घट्ट हे ऑफिसात बसलेल्या बाईलाही हाताला कळतं, तिला कोणी काही गुंडाळून सांगू शकत नाही. निर्णय एकमताने घ्यायची पद्धत आहे. पुरुष अकाउंट्सला, ड्रायव्हर म्हणून, वॉचमन म्हणून पगारावर असतात पण सभासद होऊ शकत नाहीत.

रोजचं काम असं चालतं की सकाळी लवकर बहिणी शाखेत येतात, काही जणी तिथेच डांगर मळतात, बाकीच्या वजन करून डांगर घरी नेतात, आदल्या दिवशीचे वाळलेले पापड जमा करतात, ते तपासले जातात आणि लाटायची मजुरी, म्हणजे वणाई, हातात मिळते. घरची कामं, पोरं, सासूसासरे सगळं सांभाळून स्वतःची कमाई होते, आणि ज्या बाईला शिक्षण नाही म्हणून बाहेर कोणी उभं केलं नसतं तिच्यासाठी हे फार मोठं आहे. कच्चा माल मात्र संस्थाच घेते आणि सगळ्या शाखांना पुरवते, म्हणजे विश्वास टाकलाय पण चवीच्या बाबतीत सूट नाही, पापड कुठल्याही शाखेचा घ्या चव तीच. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा, मळणारी आणि पॅकिंगवाली यात वरखाली नाही.

एक गोष्ट खरी की वणाई कामावर आहे, ज्या दिवशी लाटलं नाही त्या दिवशी ती नाही, आणि आजारी बाईला ते जड जाणारच.

1966 मध्ये संस्था रजिस्टर झाली, खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. जाहिरातीतला कुर्रम कुर्रम करणारा ससा सगळ्यांना आठवतो, तो आपल्या बोलक्या बाहुल्यांवाल्या रामदास पाध्यांचा. 2021 मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली, तोवर बहिणींची संख्या 45,000 च्या आसपास गेली होती आणि उलाढाल 1,600 कोटींच्या घरात. संस्था आजही देणगी घेत नाही.