मॉरिस जे-टाइप व्हॅन : रिस्टोरेशनच्या अडचणींमागचा इतिहास

ब्रिटनमध्ये 1949 ते 1961 या काळात बनलेली मॉरिस कमर्शियल कंपनीची जे-टाइप व्हॅन आज जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात दिसली, की तिच्याभोवती मोटारींपेक्षा जास्त गर्दी जमते. फुगीर मडगार्ड, खाली बसवलेले दिवे, मधोमध दुभागलेली समोरची काच आणि आखूड नाक यांमुळे ती लहान मुलाने काढलेल्या चित्रातल्यासारखी दिसते, आणि तिच्या लोकप्रियतेचे श्रेय बहुतेक जण या रूपालाच देतात. अशी एखादी व्हॅन गंजलेल्या अवस्थेत हाती घेणाऱ्याला मात्र लवकरच कळते, की इंजिनाची चिंता फारशी करावी लागत नाही. पैसा आणि वर्षे खाते ते पत्राकाम. असे का व्हावे, आणि सुमारे 48 हजार गाड्या बनूनही आज ही व्हॅन दुर्मीळ का आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या जन्मकाळात व वापराच्या इतिहासात आहेत.

विल्यम मॉरिस (पुढे लॉर्ड नफिल्ड) यांनी बर्मिंगहॅममधील ई. जी. रिग्ली ही डबघाईला आलेली कंपनी विकत घेऊन 1924 मध्ये मॉरिस कमर्शियल कार्स ही स्वतंत्र कंपनी उभी केली. ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे मोटारी आणि बर्मिंगहॅममध्ये मालवाहू गाड्या, अशी ही विभागणी होती. 1930 च्या दशकात कंपनी ॲडर्ली पार्क येथील वुल्सलीच्या जुन्या कारखान्यात गेली. दुसऱ्या महायुद्धात तोफा ओढणाऱ्या ‘क्वाड’ गाड्या तिने मोठ्या संख्येने बनवल्या. जे-टाइपची खरी पूर्वज मात्र युद्धाच्या तोंडावर आलेली पीव्ही ही मोठी व्हॅन होय. चालकाला इंजिनाच्या मागे न बसवता त्याच्या शेजारी पुढे आणायचे, त्यामुळे वाचलेली लांबी मालासाठी वापरायची आणि बिजागरीच्या दारांऐवजी सरकती दारे लावायची, ही कल्पना मॉरिस कमर्शियलने पीव्हीमध्ये अमलात आणली होती. जे-टाइपमध्ये तीच कल्पना लहान आकारात उतरली.

ही व्हॅन प्रथम 1948 च्या शरद ऋतूत लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील व्यापारी वाहनांच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग चालू होते, पोलादाचा कोटा निर्यातीशी बांधलेला होता आणि सरकारचा आग्रह परकीय चलन मिळवण्यावर होता. युद्धापूर्वीच्या, मोटारीलाच मागे पेटी जोडून केलेल्या व्हॅन गल्लीबोळातल्या दुकानदारांकडे अजून धावत होत्या, पण त्या थकल्या होत्या. बेकरीवाला, धोबी, किराणा दुकानदार यांना सुमारे अर्धा टन, म्हणजे 10 हंड्रेडवेट, माल नेणारी, अरुंद रस्त्यात सहज वळणारी आणि दर दहा पावलांवर चढ-उतार करता येईल अशी गाडी हवी होती. सरकत्या दारांचे महत्त्व इथे लक्षात येते, कारण उन्हाळ्यात ती उघडी ठेवूनच पाव आणि पार्सले वाटली जात, आणि बाजूला उभ्या असलेल्या गाडीवर दार आपटण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

इंजिन निवडताना कंपनीने काटकसर केली. मॉरिस ऑक्सफर्ड एमओ या मोटारीचे 1476 सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन तिने जवळजवळ तसेच उचलले आणि त्याला तीन गिअरचा गिअरबॉक्स जोडला. साइड-व्हॉल्व्ह रचनेत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला असतात. त्यामुळे दाब कमी राहतो आणि ताकदही बेताचीच मिळते. पण त्या वेळी ब्रिटनमध्ये सर्व कंपन्यांचे पेट्रोल एकत्र करून विकले जाणारे हलक्या दर्जाचे ‘पूल’ पेट्रोलच मिळत असे, आणि ते 1953 पर्यंत चालले. अशा इंधनावर कुरकुर न करता चालणारे इंजिन त्या काळाला साजेसेच होते. 1952 मध्ये मॉरिसचा नफिल्ड समूह आणि ऑस्टिन एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) झाली. त्यानंतर 1957 मध्ये या व्हॅनला त्या समूहाचे 1489 सीसीचे, ओव्हरहेड व्हॉल्व्हचे बी-सीरीज इंजिन आणि चार गिअर मिळाले. ही सुधारित गाडी जेबी म्हणून ओळखली जाते. तीच गाडी वेगळी जाळी व वेगळे नाव लावून ऑस्टिन 101 म्हणूनही विकली गेली. एकाच समूहाच्या दोन विक्रेत्यांना खूश ठेवण्याची ही युक्ती होती. ऑस्टिनचा बिल्ला लावलेली गाडी आज मॉरिसपेक्षाही विरळ आढळते.

ही दोन्ही इंजिने आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना अनोळखी नाहीत. हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्ड एमओवरूनच हिंदुस्तान 14 ही गाडी बनवली, पुढे लँडमास्टर आणली, आणि सुरुवातीच्या ॲम्बॅसेडरमध्येही 1476 सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते. नंतर ॲम्बॅसेडरला 1489 सीसीचे बी-सीरीज इंजिन मिळाले आणि ते पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे 1990 च्या दशकापर्यंत बनत राहिले. म्हणजे ब्रिटनमध्ये हे इंजिन केव्हाच मागे पडल्यावरही भारतात सरकारी ताफ्यांतून आणि टॅक्सींतून तेच धावत होते. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट, वॉटर पंप अशा सुट्या भागांची साखळी तुटली नाही, याचे एक कारण ही भारतीय बाजारपेठ आहे आणि दुसरे म्हणजे याच बी-सीरीज कुटुंबातली इंजिने वापरणारी एमजीसारखी लोकप्रिय मोटार. जेबी व्हॅनचे इंजिन उघडणाऱ्याला त्यामुळे बोअर वाढवून नवे पिस्टन बसवणे किंवा क्रँकशाफ्ट लेथवर घासून घेणे एवढ्यावर निभावते. साइड-व्हॉल्व्ह इंजिनाला जरा जास्त शोधाशोध करावी लागते, तरी तेही कोणा निष्णात फिटरच्या आवाक्याबाहेरचे नाही.

पत्र्याला असा कोणी भाऊबंद नाही. जे-टाइपचे पुढचे मडगार्ड, नाकाचा वक्र भाग, छताचा पुढचा घुमट आणि सरकत्या दारांचे पत्रे, तिचीच जुळी ऑस्टिन 101 सोडली तर, दुसऱ्या कोणत्याही गाडीवर वापरले गेले नाहीत. जुन्या एमजीबी मोटारीचा संपूर्ण सांगाडा 1988 पासून मूळ साच्यांवर पुन्हा बनवून विकला जाऊ लागला, कारण तशा लाखो मोटारी बनल्या होत्या आणि त्यांचे हौशी मालकही हजारो होते. मालवाहू व्हॅनला असे मालक तेव्हा नव्हते. ज्याने ती विकत घेतली त्याने ती नफ्यातोट्याच्या हिशेबात घेतली, दिवसभर राबवली, रात्री उघड्यावर उभी केली आणि हिशेब जमेना तेव्हा भंगारात काढली. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी ब्रिटिश रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने चाकांच्या कमानी आणि खालच्या कडा आतून खाल्ल्या. बाहेरून गंज दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असे.

या सामान्य चित्राला एक मोठा अपवाद होता, तो म्हणजे जनरल पोस्ट ऑफिस. डाक आणि टेलिफोन ही दोन्ही खाती तेव्हा त्याच्याकडे होती आणि त्याने या व्हॅन हजारोंच्या संख्येने घेतल्या. डाकेच्या गाड्या लाल, तर टेलिफोन विभागाच्या गाड्या गडद हिरव्या असत. पोस्टाच्या गाड्यांना पोलादाऐवजी रबराचे मडगार्ड बसवले जात, कारण दिवसभरात कुठे ना कुठे घासणाऱ्या गाडीचे मडगार्ड ठोकून सरळ करण्यापेक्षा वाकून परत जागेवर येणारे मडगार्ड स्वस्त पडे. अशा गाडीचे रिस्टोरेशन करताना रबरी मडगार्ड कुठून आणायचे, हा वेगळाच पेच उभा राहतो, आणि अनेक जण नाइलाजाने पोलादी मडगार्ड बसवतात. तो पर्याय मला चूक वाटत नाही. पण मग पोस्टाचा लाल रंग आणि राजचिन्ह लावून ती हुबेहूब डाकगाडी असल्याचा दावा करू नये, एवढीच अपेक्षा आहे.

कारखान्यातून सगळ्याच गाड्या पूर्ण व्हॅन म्हणून बाहेर पडत नसत, ही बाबही ध्यानात घ्यावी लागते. स्वतंत्र चॅसी (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा) असल्यामुळे नुसती चॅसी, किंवा चॅसी आणि पुढची केबिन, एवढेच विकत घेऊन त्यावर स्थानिक बॉडी-बिल्डरकडून हवी ती पेटी बांधून घेता येई. आइस्क्रीमच्या गाड्या, फिरती दुकाने, दूधगाड्या, उघडे पिकअप असे कितीतरी प्रकार त्यातून झाले. यांतील पुष्कळ पेट्या लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेल्या होत्या, प्रत्येक बिल्डरची मापे वेगळी होती आणि नकाशे क्वचितच जपले गेले. त्यामुळे आइस्क्रीमच्या जे-टाइपचे काम हाती घेणाऱ्याला केबिनपर्यंतचे मोजमाप दुसऱ्या गाडीवरून घेता येते. त्यामागे मात्र जुने फोटो आणि कुजलेल्या लाकडातले स्क्रूचे खड्डे हाच आधार उरतो.

गाड्या झपाट्याने का संपल्या याचे उत्तर 1960 च्या दशकात आहे. त्याआधीच, 1952 मध्ये, बेडफर्ड सीए ही सरकत्या दारांची प्रतिस्पर्धी व्हॅन बाजारात आली होती आणि विक्रीत ती फार पुढे गेली. खुद्द बीएमसीने 1960 मध्ये जे4 आणली, आणि वर्षभरात जे-टाइपचे उत्पादन थांबले. 1965 मध्ये आलेल्या फोर्ड ट्रान्झिटने तर व्हॅनकडून काय अपेक्षा ठेवायची याचे मापच बदलले. रुंद, वेगवान आणि मोटारीसारखी चालणारी ती गाडी पाहिल्यावर दहा वर्षांची थकलेली जे-टाइप ठेवण्यात कोणाला रस राहिला नाही. त्यातच ब्रिटिश सरकारने 1960 मध्ये दहा वर्षे किंवा त्याहून जुन्या वाहनांसाठी ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंगची तपासणी सुरू केली. ही मर्यादा पुढे सात आणि 1967 मध्ये तीन वर्षांवर आली. जे-टाइपच्या पहिल्या गाड्यांनी नेमकी तेव्हाच दशकाची वेस ओलांडली होती. तपासणीत नापास झालेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीहून अधिक होत असे, तेव्हा मालकापुढे फारसा पर्याय नसे. वाचल्या त्या बहुधा शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या किंवा अवजारे ठेवायच्या खोलीसारख्या वापरल्या गेल्या म्हणून.

अशा ठिकाणाहून निघालेल्या व्हॅनवर काम सुरू होते ते रंग खरवडण्यापासून, आणि तिथेच एक प्रसंग हमखास येतो. वरचा हौशी रंग निघाला, की खाली दुसरा, त्याखाली तिसरा थर लागतो आणि ओल्या पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेल्यास एखाद्या कसायाच्या किंवा बेकरीच्या नावाची हाताने रंगवलेली अक्षरे उमटू लागतात. त्या काळात अशा कामासाठी आजच्यासारखे स्टिकर नव्हते. गावोगावचे पेंटर ब्रशने, सावली धरून, सोनेरी कडा देऊन ही अक्षरे काढत. पत्रा शाबूत असेल तर ती अक्षरे तशीच ठेवून बाकी गाडी सावरावी, की सगळे नवे करून चकचकीत करावे, यावर रिस्टोरेशन करणाऱ्यांत जुना वाद आहे. पत्रा टिकत असेल तिथे अक्षरे ठेवावीत असे मला वाटते, कारण नवा रंग केव्हाही देता येतो. निदान त्यांचे फोटो आणि कागदावर छाप घेतल्याशिवाय पॉलिश मशीन हातात घेऊ नये.

पत्राकामाचा खरा कस सरकत्या दारांपाशी लागतो. दार ज्या पन्हळीतून धावते तिच्यात पाणी आणि माती साचते, खालची कडा कुजते आणि दाराचा भार वरच्या रुळावर येऊन सगळी चौकट किंचित तिरकी होते. नवा पत्रा कापून वेल्डिंग करण्याआधी दार लटकवून, सरकवून पाहावे लागते. आधी वेल्डिंग करून मग दार बसवणाऱ्याला सगळे पुन्हा कापावे लागते. फुगीर भाग ‘इंग्लिश व्हील’वर दोन चाकांमध्ये पत्रा दाबत, मागेपुढे फिरवत घडवतात. हे काम जाणणारे कारागीर आता ब्रिटनमध्येही थोडेच आहेत. कारखान्यात सांधे शिसे-कथिलाने भरून सपाट केले जात. आज बहुतेक ठिकाणी लांबी (पुट्टी) भरली जाते, आणि पातळ थरात भरली तर तिच्यात वावगे काही नाही.

कायद्याचाही या कामावर परिणाम होतो. ब्रिटनमध्ये मे 2018 पासून चाळीस वर्षांहून जुन्या वाहनांना वार्षिक तपासणीतून सूट मिळते, मात्र गेल्या तीस वर्षांत वाहनात मूलभूत बदल झालेला नसावा. चॅसी, सस्पेन्शन व स्टिअरिंगची पद्धत आणि इंजिनाचा प्रकार या गोष्टी त्यात पाहिल्या जातात. त्या गाडीच्या उत्पादनकाळात किंवा त्यानंतरच्या दहा वर्षांत रूढ असलेले बदल मात्र मान्य आहेत. साइड-व्हॉल्व्ह काढून बी-सीरीज बसवलेल्या जे-टाइपचा बचाव या तरतुदीवर करता येतो. आधुनिक डिझेल किंवा विजेची मोटर बसवणाऱ्याला तो आधार नाही. भारतात 2021 मध्ये अधिसूचित झालेले पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांचे नियम बिगर-व्यावसायिक, वैयक्तिक वापराच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. मालवाहू व्हॅनचा विचार त्यात ठळकपणे दिसत नाही.

राहता राहिला इंधनाचा प्रश्न. शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाल्यावर बी-सीरीजच्या हेडमध्ये कडक धातूचे व्हॉल्व्ह-सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा) बसवून घेण्याची पद्धत पडली. सप्टेंबर 2021 पासून ब्रिटनमध्ये साधे पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचे झाले, आणि इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे फुगवते. आपल्याकडे हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले असल्याने जुनी ॲम्बॅसेडर बाळगणाऱ्यालाही हीच दक्षता घ्यावी लागते : नळ्या बदलाव्यात, गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटर कोरडा ठेवावा.