समीकरण सुटलं, ताळा पाहिलात?

"उघड्या पुस्तकात समोरासमोर दिसणाऱ्या दोन पृष्ठांच्या क्रमांकांची बेरीज १५१ आहे, तर ती पृष्ठे कोणती?" क्रमागत संख्यांच्या शाब्दिक उदाहरणांत हा प्रकार हमखास भेटतो. डावा क्रमांक क्ष मानला की उजवा क्ष + १. मग २क्ष + १ = १५१, म्हणून क्ष = ७५. उत्तर ७५ आणि ७६. बेरीजही जुळते.

आता हाताशी असलेलं एखादं मराठी पुस्तक घ्या आणि ७५वं पृष्ठ काढा. ते उजव्या हाताला असेल, आणि ७६वं त्याच पानाच्या मागे. पृष्ठ १ उजवीकडे छापतात, त्यामुळे पुढेही विषम क्रमांक उजवीकडे आणि सम डावीकडे येत राहतात. ७५ आणि ७६ समोरासमोर येणारच नाहीत! आकडेमोड चोख होती, पण डावा क्रमांक सम असतो ही अट समीकरणात उतरलीच नव्हती. ती घालायची तर डावा क्रमांक २म मानावा. बेरीज होते ४म + १. म्हणजे अशा बेरजेला ४ ने भागलं की बाकी १ उरलीच पाहिजे. १५१ ला ३ उरते, तेव्हा या उदाहरणाला उत्तरच नाही. १४५ दिले असते तर म = ३६, पृष्ठे ७२ आणि ७३.

म्हणून ताळा समीकरणात नव्हे, मूळ वाक्यात पाहावा. मुलांना हे आवर्जून शिकवायला हवं असं मला वाटतं.

मांडणीत थोडी हुशारी केली तर कामही वाचतं. तीन क्रमागत संख्यांची बेरीज ७२ असेल, तर मधली क्ष माना : क्ष – १, क्ष, क्ष + १. वजा एक आणि अधिक एक उडून जातात, ३क्ष = ७२ उरतं; संख्या २३, २४, २५. क्रमागत विषम संख्या हव्या असतील तर १ ऐवजी २ चं अंतर घ्यायचं, एवढंच. चार संख्या असल्या की मधली एकच अशी सापडत नाही. तिथे पहिली क्ष धरली की बेरीज ४क्ष + ६ येते, आणि तिला ४ ने कधीच पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे १०० ही चार क्रमागत पूर्णांकांची बेरीज होऊ शकत नाही. १०२ होते, २४ पासून २७ पर्यंत.

याहून सुंदर गोष्ट १६ ची. दोन किंवा अधिक क्रमागत धन पूर्णांक मिळवून १६ करून पाहा, जमणार नाही. ८, ३२, ६४ यांचंही तेच. कारण बेरजेची दुप्पट म्हणजे संख्यांची संख्या गुणिले पहिली-शेवटचीची बेरीज. या दोन अवयवांपैकी एक नेहमी विषम असतो, आणि दोन्ही १ पेक्षा मोठे. पण १६ ची दुप्पट ३२, आणि ३२ ला १ सोडून विषम विभाजकच नाही. १५ मात्र तीन प्रकारे जमतो : ७ + ८, ४ + ५ + ६, आणि १ पासून ५ पर्यंत.