रिले लावलाय म्हणून फ्यूज नको, असं नसतं

थार घ्या, जिमनी घ्या नाहीतर जुनी जिप्सी, पुण्यात कुणी एक्स्ट्रा लाइट बसवायला निघालं की सल्ला ठरलेला, "रिले टाकून घे, मग वायर जळायची नाही." आणि रिले टाकला की माणूस निर्धास्त. मला याचीच काळजी वाटते, कारण रिले हा नुसता चालू-बंद करणारा स्विच, तो वायरला वाचवतच नाही, वायरला वाचवतो फ्यूज. दोघं बॉनेटखाली एकाच डब्यात शेजारीशेजारी बसतात, दोघांवर ३० अँप छापलेलं असतं, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे, पण त्या दोन ३० चा अर्थ पार वेगळा आहे.

रिलेवरचा ३० एवढंच सांगतो की आतले कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे धातूचे ठिपके, ३० अँपपर्यंतचा लोड नीट झेलतील. त्यातून ६० ओढले तर तो अडवणार नाही, तापेल, सॉकेटचं प्लॅस्टिक मऊ होऊन काळं पडेल, आणि करंट मात्र चालूच राहील. फ्यूजवरचा ३० म्हणजे त्याच्या फार पुढे गेलात तर आतली पट्टी वितळणार आणि सर्किट तुटणार. घरात बटण कुठलं आणि एमसीबी कुठला यात आपण कधी गोंधळत नाही, गाडीत रिले म्हणजे बटण आणि फ्यूज म्हणजे एमसीबी, फरक एवढाच की रिलेचं बटण बोटाने नाही तर करंटने दाबलं जातं. त्यात भर म्हणजे रिलेच्या खाली एका पिनेचा नंबरही ३० च असतो, त्याचा अँपशी काडीचा संबंध नाही.

आधी रिलेचं बघू. १८० वॅटचा लाइट बार घेतला, इंजिन चालू असताना सिस्टीमला १३.८ व्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणजे करंट झाला १३ अँप. एवढा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत आणायचा, छोट्या बटणातून फिरवायचा, परत बंपरपर्यंत न्यायचा, यात बटण तापतं आणि व्होल्टेज वाटेतच गळतं. दीड स्क्वेअरच्या (म्हणजे दीड चौरस मिलीमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण १३ मिलिओहम रेझिस्टन्स असतो, पाच मीटर फिरवली तर १३ अँपला पाऊण व्होल्टच्या वर वायरमध्येच गेलं. एलईडी बार ते सहन करून घेतो, पण हॅलोजनला ५ टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड जवळपास १५ टक्क्यांनी पडतो. रिले लावला की जाड वायर बॅटरी ते रिले ते लाइट एवढीच आखूड राहते आणि केबिनमध्ये फक्त कॉइलची, म्हणजे कॉन्टॅक्ट ओढणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळीची, बारीक वायर येते, जिच्यात ०.१५ ते ०.२ अँप जातात. रिलेचा फायदा हा इतकाच आहे, आणि तो मोठा आहे.

पिना लक्षात ठेवायला सोप्या आहेत. ८५ आणि ८६ कॉइलच्या, ३० वर बॅटरीकडून येणारा लोडचा पॉझिटिव्ह, ८७ वरून लाइटकडे. पाच पिनी रिलेत मधे ८७ए असते, ती रिले बंद असताना ३० ला जोडलेली असते, चुकून त्यावर वायर लावली तर बटण बंद केल्यावर लाइट लागतो आणि दाबलं की विझतो, मग लोक बटण बदलत बसतात. कॉइलला आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले असेल तर ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ (बॉडीचा निगेटिव्ह) द्यायचा, उलटं चालत नाही.

आता फ्यूज, आणि खरं लक्ष इथे द्यायचं. फ्यूज लाइटसाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणजे हिशोब असा, १३ अँपचा लोड, त्यावर पंचवीस टक्के जास्त धरले की १६ च्या वर, म्हणून २० चा पिवळा फ्यूज, आणि मग वायर अशी पाहिजे जी २० अँप सहज वाहून नेईल, अडीच किंवा अंतर लांब असेल तर चार स्क्वेअर, तीही बारीक तारांची ऑटो वायर. फ्यूज २० लावून वायर एकची वापरली तर शॉर्ट झाल्यावर आधी कोण जळणार हे नशिबावर सोडल्यासारखं आहे. आणि २० चा फ्यूज २० ला उडतो असंही नाही, ब्लेड फ्यूज ३५ टक्के ओव्हरलोडला दहा मिनिटांपर्यंत तग धरू शकतो, दुप्पट करंट झाला की मात्र पाच सेकंदांच्या आत जायला पाहिजे. त्या दहा मिनिटांत वायर टिकली पाहिजे, म्हणून वायर काठावरची घ्यायची नाही.

तिसरी गोष्ट फ्यूजची जागा. नाना पेठेत तयार हार्नेस मिळतात, रिले, फ्यूज होल्डर, बटण सगळं जोडलेलं, चांगलेही असतात. पण हातात घेऊन बघा, बॅटरीच्या रिंगपासून फ्यूज होल्डर किती लांब आहे ते. काहींमध्ये अर्धा मीटर सोडलेला असतो, आणि त्या अर्ध्या मीटरला कुणाचंच संरक्षण नसतं. एका मित्राच्या जिप्सीत ताम्हिणीच्या अलीकडे नेमका हाच तुकडा बॅटरी धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लॅम्पवर घासून सोलला गेला, बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला. लाइट बंद होते, रिले बंद होता, फ्यूज शाबूत होता, आणि वायर जळत होती. दहाचा पाना घेऊन निगेटिव्ह काढला तेव्हा थांबलं, नंतर बघितलं तर क्लॅम्पच्या कडेला तांबं चक्क चिकटलेलं होतं. बॅटरी शॉर्टला शेकडो अँप देते, त्यामुळे मेन फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरात पाहिजे, आणि तेवढ्या वायरवरही स्लीव्ह घाला.

दोन-तीन वस्तू चालवायच्या असतील तर मी अशी मांडणी सुचवीन. बॅटरीजवळ ६० चा मिडी किंवा मॅक्सी (मोठ्या आकाराचा) फ्यूज, तिथून १६ स्क्वेअरची केबल फ्यूज-रिलेच्या डब्यापर्यंत, डब्यात प्रत्येक सर्किटला आधी स्वतःचा फ्यूज आणि मग रिलेची ३० नंबरची पिन. चार रिलेंना मिळून एकच फ्यूज असं करू नका, एक लाइट शॉर्ट झाला की भर पावसात सगळंच विझेल, शिवाय तो एक फ्यूज एवढा मोठा लागेल की बारीक वायर त्याच्या आधी जाईल. बटणाकडच्या बारीक वायरलाही ३ किंवा ५ चा फ्यूज हवाच, ती वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्यातून जाते, तिथे भोकात रबरी ग्रोमेट (कडी) नसेल तर कधी ना कधी सोलणार. रिले पिना खाली करून बसवा, पाणी साचत नाही. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर) या डब्यात आणायची नाही, ती अडली की ४०० अँपच्या आसपास ओढते, तिचा स्वतःचा कॉन्टॅक्टर (दणकट मोठा रिले) असतो आणि ती थेट बॅटरीवर. मोठा कॉम्प्रेसर ४० च्या वर जात असेल तर त्यालाही साधा रिले पुरत नाही, ७० चा घ्या.

बिघडण्याची तऱ्हाही दोघांची वेगळी. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर बटण बंद करूनही लाइट चालू राहतो, आणि करंट नॉर्मल असल्यामुळे फ्यूजला काही कळत नाही, सकाळी बॅटरी डाऊन. फ्यूज उडाला तर उलट, सगळं गप्प, आणि उडाला म्हणजे कुठेतरी कारण आहे. काही वायरमन तिथे तारेचा तुकडा घालून देतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

रात्री मुळशीच्या बाजूला लाइट गेला तर आधी बटण दाबून कान द्या. रिलेतून टक आवाज आला म्हणजे कॉइल ठीक, मग टेस्ट लॅम्पने आधी ३० वर बघा, तिथे सप्लाय नाही तर फ्यूज, तिथे आहे पण ८७ वर नाही तर कॉन्टॅक्ट गेले. दोन्हीकडे असेल तर लाइटचा अर्थ किंवा कनेक्टर बघा. आवाजच नाही आला तर ८५ चा अर्थ आणि बटणाचा छोटा फ्यूज. रिले संशयित असेल तर डब्यातला त्याच पिनांचा दुसरा काढून लावून बघता येतो, ३० च्या जागी ४० चा रिले बिनधास्त चालतो. फ्यूजला मात्र ही मुभा नाही, पिवळा गेला तर पिवळाच, हिरवा लावायचा नाही, म्हणून प्रत्येक रंगाचे दोन-दोन जास्तीचे फ्यूज आणि ते काढायचा छोटा चिमटा डब्याच्या झाकणात टेप लावून ठेवा.